गोल पिनचा कीबोर्ड

९ जाने.
संध्याकाळी कॉम्प्युटर गेला. हे टाइप करून मला काहीतरी सांगत होते. स्क्रीनवर ‘उद्या शाळेतून येताना’ एवढं उमटलं आणि सगळं काळं. मागून जळक्या रबराचा वास. प्लग काढला, गार होऊ दिला, परत लावला. काही न्हाई.
येताना काय, विचारलं. ओठ हलवले. एरवी ओठांवरून बरंच कळतं मला. आज कळलं न्हाई. औषध? कोथिंबीर? कुणाला भेटायचंय? प्रत्येकाला नकार. शेवटी हात झटकला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

१० जाने.
पाटी काढून दिली. खडू निसटतो. सोलापूरच्या औषधांनी बोटं बधिर झाली ती झालीच. पेन धरलंय का पडलंय हे बघितल्याशिवाय कळत न्हाई त्यांना.
गळ्याला लावून बोलायचं मशीनही कपाटातून काढलं. कॅन्सरचे शेक घेऊन घेऊन मान लाकडासारखी झालीय. नुसती घरघर येते. दोघांनाही ऐकवेना. ठेवून दिलं.
ऑपरेशनमध्ये आवाज गेला तेव्हा मला वाटलं होतं संपलं. तर हे घरी येऊन सरळ क्लासच्या त्या जुन्या कॉम्प्युटरपुढं बसले आणि लिहिलं, ‘चहा कर. साखर कमी.’ तेव्हापासून तोच आवाज. आयुष्यभर टायपिंग शिकवलं, बोटांना अक्षरं पाठ. आणि तो कीबोर्ड जड, प्रत्येक बटण खाली जाऊन कट्ट करतं. बोटाला कळलं न्हाई तरी मनगटाला कळतं, कानाला कळतं.

१२ जाने.
शाळा सुटल्यावर तेरहून तशीच धाराशिवला गेले. कॉम्प्युटर पिशवीत, मांडीवर. मुजीबभाईंनी खोलला, बघितला, बंद केला. क्लास होता तेव्हापासून तेच दुरुस्त करायचे. म्हणाले, “बाई, याचा आता पार्ट मिळणार न्हाय. सरांना सांगा, लई साथ दिली यानं.”
परत येताना ढोकीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. घरी पोचायला अंधार. हे दारात उभे. माझ्या हातात पिशवी तशीच जड बघून आत गेले.
पुण्याला नितीनला, आमच्या लेकाला, फोन केला. रविवारी नवा घेऊन येतो म्हणाला.

१४ जाने.
संक्रांत. शेजारच्या मंगलताई तीळगूळ घेऊन आल्या. सवयीनं ह्यांच्यापुढं वाटी धरून म्हणाल्या, “घ्या, गोड बोला.” आणि तिथंच थिजल्या. ह्यांनी तीळगूळ घेतला, तोंडात टाकला, हात जोडले. मंगलताई रडत गेल्या. मला त्यांनाच समजवावं लागलं फाटकापर्यंत जाऊन.
परत आले तर हे गालात हसत होते. कशाला हसता विचारलं. सांगता कुठं येतंय.

१६ जाने.
शाळेतून बाराखडीचा तक्ता आणला. मांडीवर ठेवला. म्हटलं, बोट ठेवा, मी जुळवते. ऑपरेशननंतर उजवा खांदा उतरलाय, हात अधांतरी धरवत न्हाई. बोट अक्षरावरून घसरून शेजारच्या चौकटीत जातं. घामाघूम झाले. मी जुळवत गेले. रा. हू. दे.
तक्ता परत पिशवीत घातला. पहिलीच्या पोरांना उद्या लागणारच आहे.

१८ जाने.
नितीन आला. नवा कॉम्प्युटर छोटासा, पातळ. कीबोर्ड तर पापड. जुन्या टायपिंगची मांडणी मात्र आठवणीनं टाकून आणली होती त्यानं.
हे बसले. मला वाटलं आता सुरू. स्क्रीनवर ‘ममममममम’. बोट बटणावर टेकलंय हेच कळत न्हाई त्यांना, तिथंच राहतं. आवाज न्हाई, धक्का न्हाई. नितीन म्हणाला, “पप्पा, जरा हलकं.” परत ‘ततततत’. हे उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.
मग त्यानं मोबाईलवर चित्रं दाखवली. पाण्याच्या पेल्याला हात लावला की एक बाई म्हणते, मला पाणी हवे आहे. ह्यांनी ऐकलं. बाईचा आवाज. नितीनकडं बघितलं, त्याच्या पाठीवर थाप मारली. मोबाईल त्याच्या खिशात परत ठेवला.

१९ जाने.
नितीन सकाळी गेला. जायच्या आधी जुना कीबोर्ड नव्याला लावून बघत होता. जुन्याची पिन मोठी गोल, नव्याला गोल भोकच न्हाई. सगळ्या बाजूनं फिरवून बघितलं.
मग स्वयंपाकघरात आला. दार लोटलं. स्कॅनच्या फोटोत मानेखाली परत गाठ दिसतीये म्हणाला. रिपोर्ट आधी त्याच्याकडंच आला. पुण्यात औषधांचा दुसरा कोर्स आहे, मागच्यापेक्षा कडक. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, फेब्रुवारीत न्यायचं.
मी विचारलं, “पप्पांना विचारलंस का?”
म्हणाला, “ते काय म्हणणार, आई.” मग खाली बघून, “म्हणजे, कसं म्हणणार.”
माझ्या हातात कणीक. मळत राहिले.

२० जाने.
ह्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं तर ह्यांनी काय करायचं. नुसतं ऐकून घ्यायचं?

२२ जाने.
मुजीबभाईंनी एक टोपी दिली. जुन्या पिनीला घालायची, की पुढं नवी पिन. दिसायला बरोबर बसली. घरी लावलं. एकही दिवा लागला न्हाई. ह्यांनी तरी दहाएक बटणं दाबली. कट्ट कट्ट नुसतं. स्क्रीन कोरा. दाबत राहिले. शेवटी मीच पिन काढली.

२४ जाने.
परत मुजीबभाई. म्हणाले, “चूक माझी हाय, बाई. ही नुसती टोपी, आत डोकं न्हाय. जुना कीबोर्ड एक बोली बोलतो, नवा कॉम्प्युटर दुसरी. मध्ये समजून सांगणारा पाहिजे. तसा येतो, मागवतो.” कधी येईल? “येईल तवा येईल.”

२६ जाने.
झेंडावंदन करून लवकर घरी. सोमवारची पूजा आज उशिरा केली ह्यांनी. हातात इष्टलिंग धरतात पण मध्येच डोळे उघडून बघतात, हातात आहे ना. पूर्वी सकाळी ह्यांचं मंत्र म्हणणं फाटकापर्यंत ऐकू यायचं. कितीदा म्हणायचे मी, जरा हळू म्हणा, लोक झोपलेत.
रस्त्यावरून ट्रॅक्टर गाणी लावून चाललेत दिवसभर.

२८ जाने.
स्टीलचा पेला खाटेवर आपटून बोलावतात. मी भाजी टाकलेली. गेले. बोटानं दार दाखवलं. उघडू? नाही. लावू? नाही. कोण आलं? नाही. दार, दार, मी काय करू दाराचं. आवाज चढला माझा. त्यांनी पेला खाली ठेवला. भाजी लागली.
काय होतं ते अजून कळलं न्हाई.

३१ जाने.
आलं. ते मधलं समजून सांगणारं, दोन गोल भोकं आणि एक शेपटी. जुन्याच्या मोठ्या पिनीला आधी लहान पिनीचा जोड, मग हे, मग कॉम्प्युटर. मुजीबभाई स्वतः आले, आठवडी बाजार करून. कीबोर्डचे तिन्ही दिवे एकदम लागले आणि विझले. म्हणाले, “जागा झाला.”
हे बसले. मी चहा ठेवायला आत. मागून ते कट्ट कट्ट. हातातलं सोडून ऐकत राहिले. मग पेला आपटला. पळत गेले तर स्क्रीनवर,
‘दूध उतू जात आहे.’
खरंच गेलं होतं. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून हसले की रडले. मुजीबभाई चहा न घेताच गेले, बिनदुधाचा कसा देणार.

१ फेब्रु.
दिवसभर लिहितात. साठलेलं. मंगलताईंच्या लेकीचं काय झालं. नळाला वायसर बसव. माझ्या पांढऱ्या शर्टाचं बटण. दाराचं कोडंही सुटलं. दाराची कडी सैल झालीय, एवढंच सांगायचं होतं. ‘शाळेतून येताना’ काय, ते मात्र त्यांनाही आठवेना.
बोलताना हे पक्के इथले. न्हाय, व्हय, लई. टाइप करताना मात्र पुस्तकी, पूर्णविरामासकट. ‘मला भूक नाही.’ मला वर्षभर वाटतंय, घरात कुणी दुसरा गृहस्थ राहतो आणि ह्यांच्या वतीनं पत्र लिहितो.
संध्याकाळी लिहिलं, ‘नितीनने काय ठरवले आहे ते मला सांग.’
कसं कळलं?
‘तो जाताना माझ्या पाया पडला. तो कधी पडत नाही.’
सांगितलं सगळं. दोन्ही हात बटणांवर ठेवून बसले. 

३ फेब्रु.
सोलापूर. डॉक्टरांशी मीच बोलले, हे शेजारी. दुसरा कोर्स केला तर गाठ काही महिने आवरेल. बरी होणार न्हाई, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. चांगले आहेत, लपवत न्हाईत. ह्यांनी स्वतःचे हात टेबलावर ठेवले आणि डॉक्टरांकडं बघितलं. त्यांना कळलं. म्हणाले, बधिरपणा वाढेल. मनगटापर्यंत जाऊ शकतो. परत येण्याची खात्री न्हाई.
येताना बसमध्ये ह्यांनी हात मांडीवर उलटे ठेवले होते. तळवे वर. तुळजापूरपर्यंत तसेच.

४ फेब्रु.
नितीनचा व्हिडिओ कॉल. मी हे काय लिहितात ते वाचून दाखवायचं असं ठरलं. नितीन बोलत होता. पप्पा, सगळं ठरलंय, सुट्टी टाकलीय, वरच्या खोलीत एसी बसवला. ह्यांनी लिहिलं,
‘न्हाय.’
नाही नव्हे. न्हाय. वर्षात पहिल्यांदा. मला ऐकूच आलं ते, जुन्या आवाजात. तसंच वाचून दाखवलं.
 नितीन म्हणाला, म्हणजे तुम्हाला जगायचं न्हाई का.
ह्यांनी बराच वेळ टाइप केलं. ‘मागच्या औषधाने बोटे गेली. आता हात जातील. मग सहा महिने जास्त मिळाले तरी मी त्यात गप्प बसून राहीन. मला आहेत ते दिवस बोलत काढू दे.’
वाचून दाखवलं. नितीननं कॅमेऱ्यावर हात ठेवला. बंद झाला मग फोन.

५ फेब्रु.
नितीनचा फोन न्हाई. मी केला तर सूनबाई बोलली. झोपलेत म्हणाली. दुपारचे बारा.
हे माझ्याशी बोलतात. खूप बोलतात. लग्नानंतरची गोष्ट, भूमच्या गुंड सरांबरोबर परीक्षेला गेले होते ती. गुंड सरांचाही टायपिंग क्लास, दोघांनी एकाच साली काढला. ‘तो माझ्यापेक्षा वेगवान होता. चुका माझ्या कमी.’ मला ठाऊक आहे सगळं. तरी वाचत बसले, खिचडी करपेपर्यंत.
ह्यांचं ऐकलं मी. बरोबर केलं का न्हाई, कुणाला विचारू.

११ फेब्रु.
कीबोर्ड मध्येच थांबतो. दिवे एकदम लागून विझतात, मग एकच अक्षर धावत सुटतं. ह्यांना वाटलं बोट राहिलं. हात वर उचलून दाखवला मला. हात हवेत, आणि स्क्रीनवर ‘ररररररर’.

१४ फेब्रु.
मुजीबभाई म्हणाले जुना कीबोर्ड करंट लई खातो, नव्याच्या भोकातून तेवढा मिळत न्हाय. वेगळ्या प्लगवर चालणारा डबा दिला मध्ये लावायला. आता टेबलावर वायरींचं जाळं. चाललं पण.
‘सध्या ठीक आहे,’ ह्यांनी लिहिलं. त्याचं का स्वतःचं, विचारलं न्हाई.

१९ फेब्रु.
गाठ आता बाहेरून दिसते. उपरणं घेतात गळ्याभोवती.
आज डावीकडच्या बटणांची एक ओळच गेली. दाबलं तरी उमटत न्हाई. त्या अक्षरांना फाटा देऊन शब्द निवडतात. विचार करून करून लिहितात, मग दमतात. मला वाटायचं तक्रार करतील. ‘आता कमी बोलावे लागेल.’ एवढंच, आणि त्यातही दोन अक्षरं न्हाईत. मी भरून वाचलं.

२३ फेब्रु.
मुजीबभाईंनी खोलला. आतली वायर जोडली, पुसलं, फुंकर मारली. एक दिवस चालला. आज सगळाच गेला. दिवेही न्हाईत.
म्हणाले, “बाई, ह्याच्या आतलं डोकंच गेलं. दुसरा तसला शोधा. माझ्याकडं असता तर पाय धरून दिला असता सरांना.”
नव्या दुकानात आवाज करणारे नवे कीबोर्ड मिळतात म्हणे, खेळणाऱ्या पोरांसाठी. येताना एक घेऊन आले. बटणं लगेच दबतात, हात टेकला तरी. परत ‘ममममम’. बोटं आधीपेक्षा जड झालीत, तेही आहे. गाठीमुळं उजवा हात सुजतो.

१ मार्च
रविवार. भूमला गेले. गुंड सरांकडं तसलेच जुने कीबोर्ड होते, दोघांनी एकत्र घेतलेले. गुंड सर वारले तीन वर्षांपूर्वी, ते ठाऊक होतं. क्लासची खोली तशीच ठेवलीय म्हणून ऐकलं होतं.
धाराशिवला बस बदलली. वाटेनं ज्वारी काढायला आलेली, बाकी उघडं रान. गुंड वहिनी दारातच होत्या. मी का आले ते ऐकलं आणि किल्ली आणली. खोलीत खुर्च्या एकावर एक. कीबोर्ड एका पेटीत. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, सगळ्यांच्या. एकाची वायर बरी होती. वहिनींनी पदरानं पुसून दिला. म्हणाल्या, “ह्यांचा खडखडाट मला नकोसा व्हायचा. घेऊन जा, बाई. वाजू दे कुठंतरी.”
जेवायला बसवलं. जेवले. उशीर झाला.

२ मार्च
लावला. तिन्ही दिवे लागले. हे बसले, हात ठेवले. पहिलं बटण कट्ट झालं. दुसरं झालं न्हाई. परत प्रयत्न. दाबायला ताकदच पुरेना. खांद्यातून जोर लावायला गेले तर हात सगळ्या बटणांवर पडला.
मी म्हटलं, उद्या बघू. त्यांनी कीबोर्डवर हात फिरवला, वरून, न दाबता. उलटा करून मागचा कागद दाखवला. गुंड सरांची सही, निळ्या शाईत. ती बघत बसले.
कीबोर्ड चांगला आहे. तोच चांगला निघाला.

६ मार्च
सकाळी थोडं जमतं. पाच-सहा अक्षरं. मग दमतात. आज ‘पंखा’ लिहिलं. मी लावला. ऊन वाढलंय.

१० मार्च
आज न्हाई जमलं. काल न्हाई.

१३ मार्च
नितीन आला, न कळवता. ह्यांना बघून दारातच थांबला. मग पायाशी बसला. माझ्याशी न भांडता नीट बोलला. म्हणाला, “आई, ते बोलता यावं म्हणून नको म्हणाले होते ना. आता तेही न्हाई. मग औषध तरी का सोडायचं?”
 बरोबरच आहे त्याचं. त्यात चूक कुठं शोधू.
ह्यांच्याजवळ जाऊन विचारलं त्यानं, “पप्पा, जायचं ना पुण्याला?”
ह्यांची मान हलली. वर खाली, थोडी. हल्ली गाठीच्या वजनानं तशीही पुढं झुकते. नितीननं हो धरलं. डोळे पुसले, लगेच पुण्याला फोन लावला.
मी ह्यांच्याकडं बघत होते. मला हो दिसलं न्हाई. नाही पण दिसलं न्हाई.

१४ मार्च
उद्या सकाळी गाडी. बॅग भरली. नितीन फाइल घेऊन झेरॉक्सला गेला, घरात आम्ही दोघंच.
खाटेवर बसले. म्हटलं, अहो, एकदा मला सांगा. नितीनला मी बघून घेते. काल तुमचं हो होतं का? फक्त मान हलवा. हो का नाही, एवढंच.
मान हलवली न्हाई. माझा हात ओढून घेतला मांडीवर, तळवा खाली, कोपरापर्यंत. त्यावर दोन्ही हात ठेवले. आणि टाइप करायला लागले.
माझ्या हातावर जोर लावावा लागत न्हाई, म्हणून जमत होतं त्यांना. बोटं हलकी, सुजलेली, गरम. कुठली मनगटापाशी, कुठली वर. मध्येच अंगठा, म्हणजे जागा सोडली असणार. किती शब्द झाले. हो किंवा नाही नव्हतं ते, लई मोठं होतं. एका ठिकाणी थांबले, मागचं खोडल्यासारखं केलं, परत लिहिलं. चुका कमी म्हणायचे ना.
एवढी वर्षं घरात क्लास. शेकड्यांनी पोरी शिकून गेल्या. मी कधी शिकले न्हाई. कामच पडलं न्हाई.
शेवटी करंगळीनं पूर्णविराम दिला, आणि माझ्याकडं बघितलं. वाचलंस का, असं.
मी म्हटलं, व्हय.
डोळे मिटले त्यांनी. चेहरा सैल झाला. बाहेर फाटकाचा आवाज आला, नितीन काहीतरी विचारत आत येत होता.